आवाजाची परीक्षा

"आज रान गप्प आहे," हे म्हणाले.

पोरांचं टोळकं जागच्या जागी थांबलं. आणि त्याच वेळेला यांच्या कानापासून हातभर अंतरावर, करवंदीच्या जाळीत, शिंपी बसून ओरडत होता. शिंपी म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, पण गळा बघाल तर बॅण्डवाल्याचा. टुविट टुविट टुविट, कान नुसते किटून गेले होते.

"काका, मग हे काय ओरडतंय?" दोन वेण्या घातलेली एक मुलगी म्हणाली.

"कुठं?"

मुलगी हसली. बाकीचीही हसली. त्यांना वाटलं, काका नेहमीसारखे वेड पांघरून पेडगावला निघालेत. हे तसं करायचेच. आपल्याला काही ठाऊक नाही असं दाखवायचं आणि पोरांच्या तोंडून पक्ष्याचं नाव काढून घ्यायचं. पण मी यांची बायको. संसारात या माणसाचं तोंड मी इतक्यांदा वाचलंय की भाजीत मीठ कमी पडलंय का जास्त, हेही मला न सांगता कळायचं. हे गंमत करत नव्हते. यांना शिंपी खरंच ऐकू येत नव्हता.

मी डोंगरावर यायची ती कधीमधी पोह्यांचा डबा पोचवायला. पक्ष्यांचं मला काय पडलं होतं? पण तोंडातनं निघून गेलं, "शिंपी आहे तो. पानं शिवून घरटं करतो. गेल्या रविवारी तुम्हीच सांगितलंत की पोरांना."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग पोरांना म्हणाले, "बघा, काकूंना येतंय आणि तुम्हाला नाही." पोरं पुन्हा हसली.

आमचे हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. हत्तरकी मेकॅनिक म्हटलं की गडहिंग्लज तालुक्यातला कुठलाही ड्रायव्हर ओळखायचा. जन्म गेला डिझेलच्या इंजिनाला कान लावण्यात. बॉनेट उघडायचं, मान आत घालायची आणि म्हणायचं, "तिसरा पिस्टन." तो तिसराच निघायचा. निवृत्त झाल्यावर तोच कान यांनी पक्ष्यांना लावला. तसा नाद आधीपासून होताच. दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या कुसळीच्या डोंगरावर जायचे, आणि मी घरात भांडी आपटायची. "माझ्या सवतीला पंख आहेत," असं मी शेजारणींना सांगायची.

या कामाला यांना कुणी नेमलं नव्हतं आणि पगारही नव्हता. डोंगरावर पोरं बेचक्या घेऊन यायची, चिमण्या-बुलबुल मारायची. हे त्यांना रागावले नाहीत. म्हणाले, "बेचकी पायथ्याच्या दगडावर ठेवा, माझ्याबरोबर वर चला, जाताना घेऊन जा." जाताना निम्मी पोरं बेचकी विसरायची. तिथनं रविवार सुरू झाला. पोरांचे आईबाप यायला लागले, मग मास्तर, मग कॉलेजची मुलं. आमच्याकडं उन्हाळ्यात डोंगराला आग लावायची चाल होती. जळलं की गवत जोमानं येतं म्हणायचे. यांनी गवत कापणाऱ्या एकेका घरच्या माणसाला हाताला धरून वर नेलं आणि उघड्या खडीवरची टिटवीची अंडी दाखवली. "आता लाव काडी," म्हणाले. कुणाचा हात होतोय? दोन उन्हाळ्यांत आग बंद झाली. माणूस भांडला नाही कुणाशी. मी भांडले असते.

तर त्या शिंप्याच्या रविवारनंतर मी यांना धरून कोल्हापूरला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, समजुतीचे होते. म्हणाले, "काका, तुमच्या कानातले बारीक आवाज गेलेत. जाडे आहेत. गाडी, माणसं, ढोल, हे येईल. बारीक येणार नाही."

"मशीन द्या मग," हे म्हणाले.

"देतो. पण मशीन आवाज मोठा करतं. जो तुकडा मेलाय त्याला मोठा काय आणि लहान काय."

"डॉक्टर, मी मेकॅनिक आहे. व्होल्टेज वाढवलं की दिवा लागतोच."

"बल्ब गेला असेल तर नाही लागत," डॉक्टर म्हणाले.

यांनी मशीन घेतलं. पहिल्याच रविवारी डोंगरावर घातलं आणि अर्ध्या वाटेत काढून खिशात टाकलं. म्हणाले, "नुसता वारा आणि चपला ऐकू येतात." घरी आल्यावर जेवले नाहीत. पाटावर बसून म्हणाले, "महादेवी, बंद करतो. पोरांना खोटं सांगण्यापेक्षा बंद केलेलं बरं."

इतकी वर्षं मी याच रविवारच्या नावानं बोटं मोडत होते. आता बंद करतो म्हटल्यावर मला आनंद व्हायला नको होता का? पण त्यांच्या ताटातला भात तसाच बघून मला भडभडून आलं. मी म्हटलं, "बंद कशाला? मी ऐकते, तुम्ही सांगा."

"तुला कुठं येतंय?"

"शिकवा मग. तालुक्याला शिकवता, बायकोला शिकवायला काय दुखतंय?"

आणि शिकवलं यांनी. डोक्यात सगळे आवाज जसेच्या तसे होते, कान गेले तरी. स्वयंपाकघरात मी भाकरी थापायची आणि हे पाटावर बसून सांगायचे. सगळं मेकॅनिकच्या भाषेत. फुलटोचा कसा? सुपारी कातरल्यासारखा, कट कट कट. शिंजीर म्हणजे तेल न घातलेली सायकलची चेन. राखी वटवट्या म्हणजे गाडी सुरू होईना म्हणून ड्रायव्हर चावी फिरवतोय तसा. मग सकाळी मला घरामागच्या परड्यात उभं करायचे आणि विचारायचे, "आता कोण बोलतंय?" मी सांगायची. मी चुकले की हे ओळखायचे कसं, कुणास ठाऊक. झाड, वेळ, शेपटीची हालचाल, सगळं बघून म्हणायचे, "या वेळेला तो नसतो इथं. परत ऐक."

रविवारी मी यांच्या शेजारी चालायची. उजव्या कोपराला एक टिचकी म्हणजे शिंपी, दोन म्हणजे शिंजीर, मनगट दाबलं की फुलटोचा. टिचकी पडली की हे थांबायचे, हात वर करायचे, म्हणायचे, "ऐका." आणि सांगायला लागायचे. काय सांगायचे ते! पक्षी कुठलं फळ खातो, बी कुठं टाकतो, त्याचं झाड कसं होतं, त्या झाडाखाली पाणी कसं मुरतं. ऐकताना मोठी माणसंसुद्धा पोरं व्हायची. बाहेरगावचे लोक म्हणायचे, "या वयात काय कान आहेत काकांचे." हे हसून माझ्याकडं बघायचे.

खरं सांगते, लग्नानंतरचा तो माझा सगळ्यात सुखाचा काळ. तरुणपणी यांनी चारचौघांत कधी माझा हात धरला नाही, आणि म्हातारपणी मी अख्ख्या गावादेखत यांचा हात धरून डोंगर चढत होते. बायका म्हणायच्या, "महादेवीला आता सुचलंय." मी म्हणायची, "उशिरा का होईना, सुचलं ना."

मग कार्डाचं निघालं.

फॉरेस्टचे इंगवले साहेब घरी आले. भला माणूस, यांना फार मानायचा. चहा घेता घेता म्हणाले, "काका, डोंगरावर आता लोक फार यायला लागले. कुणीही उठतो आणि गाइड म्हणून फिरवतो, घरट्याजवळ नेऊन फोटो काढायला लावतो. म्हणून नियम झालाय. स्वयंसेवक गाइडला कार्ड, आणि कार्डासाठी छोटी परीक्षा. तुम्हाला परीक्षेची गरज नाही हो, पण नियम सगळ्यांना सारखा."

"बरोबर आहे," हे म्हणाले. "परीक्षा कसली?"

"थोडं बोलायचं. आणि दहा आवाज वाजवायचे, नावं लिहायची. तुम्हाला पोरखेळ."

मी कप उचलायच्या निमित्तानं आत गेले. बाहेर हे म्हणत होते, "हिचंही नाव घाला साहेब. दोघं बसतो."

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "मला कशाला? आणि तुम्ही कसं करणार? शेजारी बसू देतील का?"

"शेजारी बसलीस तरी हात लावायचा नाही."

"का?"

"पोरांसमोर केलं ते पोरांसाठी. कार्डावर माझं नाव येणार. ते माझ्या कानावर यायला पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

यांनी खिशातलं मशीन काढून तळहातावर ठेवलं. मग म्हणाले, "तर रविवार गेला. पण येईल. रानात वारा असतो, पान हलतं. तिथं स्पीकर असणार, बंद खोली असणार. मोठ्यानं लावतील. मशीन घालीन. येईल."

डॉक्टरांचा बल्ब माझ्या ओठांवर आला होता. मी कप विसळायला घेतले. हा माणूस आयुष्यात माझ्याकडं कशासाठी हट्ट करून बसला नव्हता. आता बसला होता, आणि तो मला पुरवता येत नव्हता.

एकदा वाटलं, साहेबांना जाऊन सांगावं. ऐकू येत नाही त्यांना, पण कार्ड द्या, ऐकायचं माझ्यावर सोपवा. फॉरेस्टच्या फाटकापर्यंत गेलेसुद्धा. पण यांना कळलं असतं तर? भीक मागून आणलेलं कार्ड या माणसानं गळ्यात घातलं नसतं, आणि मला माफही केलं नसतं. तशीच परत आले.

परीक्षा आजऱ्याला होती, फॉरेस्टच्या हॉलमध्ये. हे नवा सदरा घालून आले होते. कानात मशीन, खिशाला पेन. वीस-पंचवीस माणसं असतील, बहुतेक तरुण. वयाचा मान म्हणून यांना पहिल्या रांगेत एकट्याला खुर्ची दिली. बायकांना मागं भिंतीकडंच्या बाकावर. मला यांची फक्त पाठ दिसत होती, आणि मान वळवली की अर्धा गाल.

तोंडी परीक्षा आधी झाली. ती कसली परीक्षा, यांनी भाषणच दिलं. साहेबांनी विचारलं, "लोकांना पर्यावरणाचं महत्त्व कसं पटवाल?" हे म्हणाले, "पटवायचं नाही साहेब, दाखवायचं. पटवलेलं घरी जाईस्तोवर विसरतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, देवा, इथंच थांबव आता.

मग कागद वाटले. कोपऱ्यात एक क्लार्क लॅपटॉप घेऊन बसला होता. साहेब म्हणाले, "प्रत्येक आवाज दोनदा वाजेल. मध्ये कुणी बोलायचं नाही."

पहिला आवाज भारद्वाजाचा. हुप हुप हुप, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. हे लगेच लिहायला वाकले. दुसरा तांबट, तोही ठोक्याचा, जाडा. तोही लिहिला. आणि मग यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. डोळे असे चमकत होते काय सांगू. 'येतंय, बघ,' असं त्यांना म्हणायचं होतं. मी मान हलवली. हसलेसुद्धा मी.

तिसरा शिंजीर होता. चौथा फुलटोचा.

हे लिहायला वाकले नाहीत. मान ताठ, तोंड स्पीकरकडं, शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मुलासारखं. मग माझ्या लक्षात आलं. आवाज येत नाही हेच यांना कळलं नव्हतं. यांना वाटत होतं, अजून लावलेलाच नाही. पहिल्या रांगेत असल्यामुळं मागं सगळी माणसं लिहिताहेत हे दिसत नव्हतं. साहेब खिडकीपाशी पाठ करून उभे होते. हे आपले वाट बघत बसले होते, शांत, समजूतदार, लाइट गेल्यावर बसतात तसे.

पाचवा गेला. सहावा लागला. शिंपी होता तो. बंद खोलीत, त्या मोठ्या स्पीकरवर, काचा थरथरतील असा ओरडत होता.

आणि त्या ओरडण्यातच हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा, स्वच्छ आवाजात म्हणाले, "साहेब, मशीन अडकलं काय? लावा की पुढचं."

मागच्या रांगेत एक जण फिसकन हसला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. शिंपी ओरडतच होता. साहेब वळले. त्यांनी यांच्याकडं बघितलं, यांच्या कागदाकडं बघितलं, आणि त्या माणसाचा चेहरा असा पडला की मला त्याचीच दया आली. त्यांनी हातानं खूण करून आवाज बंद करवला.

"काका," साहेब म्हणाले, आणि मागच्या रांगांकडं बघितलं.

यांनी साहेबांच्या तोंडाकडं बघितलं. मग सावकाश मागं वळून बघितलं. एकेकाच्या कागदाकडं. सगळ्यांच्या कागदावर सहा ओळी होत्या. शेवटी माझ्या कागदाकडं नजर गेली. तिथं काय लिहिलंय ते त्यांना एवढ्या लांबून दिसलं नसेल, पण ओळी दिसल्या असतील. मला तो कागद चघळून गिळावासा वाटला.

हे पुढं वळले. पेनाला टोपण लावलं, खिशाला लावलं.

"चालू द्या साहेब," म्हणाले. "मुलांचं मोडू नका."

उठून बाहेर जातील असं मला वाटलं. गेले नाहीत. मध्येच उठलं की बाकीच्यांचं लक्ष मोडतं, रानात एक जण हलला की सगळ्यांचा पक्षी उडतो, हे पोरांना शिकवणारा माणूस. उरलेले आवाज होईस्तोवर हात मांडीवर ठेवून, न हलता बसून राहिले. मी रडत रडत लिहिलं. लिहू नये असं वाटत होतं, आणि न लिहिलं तर यांनी भाकरीच्या तव्यापुढं बसून शिकवलेलं पाण्यात जाईल असंही वाटत होतं. दहाच्या दहा लिहिले. एकही अडला नाही, हेच वाईट वाटत होतं.

निकाल तिथंच सांगितला. माझं नाव घेतलं तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळी यांनीच वाजवली. टाळ्या थांबल्या तरी एकटे वाजवत राहिले. साहेब कार्ड देताना मला हळूच म्हणाले, "काकू, तुम्ही मला आधी सांगायचं होतं." काय सांगणार होते मी त्यांना?

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले. मशीन काढून खिशात टाकलं होतं. त्या खडखडाटात यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या बसला सांगायचं. शेवटी मीच मोठ्यानं विचारलं, "रविवारी काय करायचं?"

"बंद."

"मी येते की बरोबर. तुम्ही बोला, कार्ड माझं."

"ते कोपरावरच्या टिचकीसारखंच झालं," हे म्हणाले. "बंद म्हणजे बंद, महादेवी. दुसऱ्याच्या कानानं पुरे झालं."

"पोरं येऊन बसतील पायथ्याला."

"बसतील आणि जातील."

त्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. या माणसाला आता घरी नेऊन खुर्चीत बसवायचं आणि दर रविवारी भिंतीकडं बघताना बघायचं, हे मला झेपणार नव्हतं. बस एका चढाला लागली. हे अचानक म्हणाले, "किती आले तुझे?"

कागद यांनी बघितला नव्हता. साहेबांनी फक्त नावं वाचली होती, मार्क नाही.

"नऊ," मी म्हटलं.

"कुठला राहिला?"

आता काय सांगू? तोंडाला आलं ते नाव घेतलं. "सुभग."

"सुभग?" हे माझ्याकडं पुरते वळले. सकाळपासून पहिल्यांदा तोंडावर काहीतरी हललं. "अगं, सुभग कसा राहतो? पिवळा, चिमणीएवढा, चिंचेत असतो. लांब शीळ ओढतो आणि शेवटी एकदम खाली सोडतो. हा तर माणसालासुद्धा काढता येतो. ऐक."

यांनी डोळे मिटले, ओठ पुढं केले आणि शीळ घातली.

शीळ आली नाही. नुसती हवा आली. कवळीच्या फटीतनं फुस्स करून हवा जात राहिली, गाल आत ओढले गेले, मानेची शीर ताठ झाली, आणि सुभगाचा सूर जिथं खाली पडतो तिथं यांची मान बरोबर खाली आली. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं तोंड फिरवलं.

यांनी डोळे उघडले. "इंजिनाचा आवाज आहे, मला माझीच ऐकू येईना," म्हणाले. "तुला आली ना?"

"आली," मी म्हटलं. "परत एकदा करा."

परत केली. या खेपेला जास्त लांब ओढली. दम लागला यांना.

"आता तू कर."

मला जन्मात शीळ घालता आलेली नाही. लहानपणी आईनं घालू दिली नाही, पुढं कधी जमली नाही. मी ओठ पुढं केले आणि यांनी केलं होतं तसंच केलं. फुंकर मारली, लांबवली, शेवटी मान खाली घेतली. डोळ्यांतनं पाणी गळत होतं ते पदरानं पुसायलाही हात उचलला नाही. हे माझ्या ओठांकडं एकटक बघत होते, बॉनेट उघडून बघायचे तसे.

"शेवट जरा लवकर सोडलास. परत."

मी परत केलं.

"पास," हे म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रविवारी तू ने पोरांना."